फिलिपाची पलीकडची बाजू

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी, दुपारी तीनच्या सुमाराला, एनिडमावशी लोस्बी फिलिपा नावाच्या इंजिनावर चढून निघून गेली.

असं काही झालेलं नाही. फिलिपाचे तुकडे त्याआधीच्या वसंतातच करून केटरिंगच्या भंगारवाल्याकडे गेले होते, आणि ती ज्या रुळांवरून जायची ते रूळ मी स्वतः उपटले होते. म्हणजे चढायला इंजिन नव्हतं आणि जायला वाट नव्हती. पोलिसांचं म्हणणं, मावशी स्केगनेसला बहिणीकडे राहायला गेली. बहिणीचं म्हणणं, ती आलेली नाही. पण बहीण फार म्हातारी आहे, आणि पोलिसांच्या मते त्या वयात घरात कोण राहतंय हे माणसाच्या लक्षात येतंच असं नाही. तेव्हा झालेलं नाही असं धरून चालू, आणि सुरुवात मेंढ्यांपासून करू.

आमच्या लॉक्सथॉर्प गावात रस्ते उंच आहेत आणि शेतं खोल. शेतांखालचा लोखंडाचा दगड खाणीने काढून नेला, माती परत पसरली, गवत पेरलं, मेंढ्या सोडल्या. रस्त्याखालचा दगड काढायची परवानगी नव्हती, म्हणून रस्ते जुन्या उंचीवरच राहिले. त्यामुळे आमच्याकडच्या मेंढ्या रस्त्यावरच्या माणसाकडे मान वर करून बघतात, आणि काहीतरी मागायचं राहून गेल्यासारखा चेहरा करतात.

खाण बंद पडली ती नव्या वर्षाच्या तोंडावर. खाणीतल्या मोठ्या ड्रॅगलाइनवर मी तेलपाणी करायचो. ड्रॅगलाइन म्हणजे चर्चच्या मनोऱ्याहून उंच दांडा असलेलं, स्वतःच्या पायांनी चालणारं उकरणयंत्र. ती दुसऱ्या खाणीला विकली. या यंत्रांना पुढे चालताच येत नाही, ती पाठीमागे चालतात. त्यामुळे ती गेली तीही शेतांमधून, ओढ्यांवरून, कित्येक दिवस, तोंड आमच्याकडे करून. निरोप घेणारा माणूससुद्धा इतका वेळ बघत नाही. शेवटी टेकडीमागे नुसता दांडा दिसत होता, मग तोही दिसेना. माझी आई म्हणाली, "बरं झालं. आता धुणं तरी लाल होणार नाही." आणि आत जाऊन रडली.

कंपनीने आम्हा चौघांना ठेवून घेतलं, खाणीपासून जंक्शनपर्यंतचे रूळ काढायला. मुकादम पर्सी चेटल, ज्याने सगळी हयात शंटर म्हणून, वॅगन जोडत-सोडत आणि ब्रेक आवळत, शेवटच्या वॅगनवर बसून काढली. कॉर्बीचा डूगी मॅकफेल, जो स्कॉटलंडहून पोलाद बनवायला आला आणि चुकून आमच्याकडे राहिला. मी, डेरिक पँटर, वय बावीस. आणि वॅगन ओढणाऱ्या डिझेल इंजिनाचा ड्रायव्हर, जो कधीच बोलत नसे, म्हणून तो या गोष्टीत नाही.

सप्टेंबरात आम्ही खाणीच्या टोकाकडून सुरुवात केली. पहिल्याच आठवड्यात पर्सीने मला बोलावलं.

"डेरिक, फाटकावर जा आणि एनिडला सांग, फाटक लावायचं बंद कर म्हणून. जानेवारीपासून गाडी नाही, आणि ही बाई रोज दुपारी रस्ता अडवून बसते. तक्रारी आल्यात."

"तूच जा ना. तुझी ओळख जुनी."

"म्हणूनच तू जा," पर्सी म्हणाला.

आमची लाइन गावाबाहेर रस्ता ओलांडून चढावर खाणीकडे जायची. त्या फाटकाशेजारी कंपनीचं बसकं घर, आणि त्यात एनिडमावशी. माझी ती सख्खी मावशी नव्हे. आमच्या गावात ज्या बाईने तुम्हाला लंगोटात पाहिलंय ती मावशी, या हिशेबाने मला गावभर मावश्या आहेत.

तिचा नवरा सिरिल फिलिपाचा ड्रायव्हर. फिलिपा हे खाणीच्या मालकाच्या धाकट्या मुलीचं नाव. तिला इंजिनाच्या बारशाला आणलं होतं, टोपीवर काजळी पडली, ती परत कधी आली नाही. इंजिन मात्र राहिलं. दुपारी रिकाम्या वॅगन घेऊन फिलिपा चढाला लागायची, तेव्हा फाटकाशी तिचा वेग माणसाच्या चालण्याएवढा उतरायचा. त्या तेवढ्या वेळात सिरिल इंजिनातून कोळशाचं एक ढेकूळ फाटकात टाकायचा, आणि मावशी चहाचा इनॅमलचा डबा वर करायची. त्याने हात काढून तो घ्यायचा. दोन्ही गोष्टींना कंपनीची मनाई होती, आणि आमच्या भागातल्या प्रत्येक फाटकावर दोन्ही गोष्टी रोज होत होत्या. लग्नाच्या अंगठीला जेवढा मान, तेवढा त्या डब्याला. मावशी फिलिपाला म्हणायची "माझी सवत". धूर दिसला की म्हणायची, "आली बघा सवत, माझ्या नवऱ्याला घेऊन."

आदल्या वर्षीच्या नोव्हेंबरात सिरिल इंजिनातच गेला, हृदय बंद पडून. फिलिपा त्याला तसाच घेऊन खाणीपर्यंत गेली. त्यानंतर तिला कुणी पेटवलं नाही. गंमत अशी, की त्याच दिवशी सकाळी ती कारखान्यातून संपूर्ण दुरुस्ती होऊन परत आली होती. नवा बॉयलर, नव्या नळ्या, नवा रंग. एक दिवस चालवली आणि भंगारात काढली. कंपनीत याला नियोजन म्हणत.

मी फाटकावर पोहोचलो तेव्हा मावशी रस्त्यावर फाटक ओढत होती. पलीकडे पाववाल्या विन्सची गाडी थांबली होती. त्याने खिडकीतून मान काढली.

"आजपण, मावशी?"

"थांब जरा."

"मी कुठे पळतोय. पाव तेवढा शिळा होतोय."

मी म्हणालो, "मावशी, कंपनीने सांगितलंय, फाटक लावायला नको आता."

"कंपनीने मला नाही सांगितलं."

"मी सांगतोय ना."

"तू म्हणजे कंपनी? तुझं नाक मी पुसलंय, डेरिक पँटर. बाजूला हो, रुळात उभा राहू नकोस."

ती रुळांच्या अलीकडे, घराच्या बाजूला उभी राहिली आणि तिने डबा छातीच्या उंचीवर धरला. मी आणि विन्स बघत राहिलो. ऊन होतं. वारा अजिबात नव्हता. मावशीच्या ॲप्रनची कड एकदा हलली आणि परत खाली बसली. डब्याचं झाकण थोडं वाजलं. एवढंच. मग तिने डबा खाली घेतला, फाटक उघडलं, विन्स हात करून निघून गेला. मावशी रूळ ओलांडून पलीकडच्या खांबाशी गेली आणि तिथल्या खाजऱ्या झुडपात हात घालून कोळशाचं एक ढेकूळ घेऊन आली. ते तिने माझ्या हातात दिलं.

मला वाटलं, तिनेच सकाळी तिथे टाकलं असणार. नवरा गेल्यावर माणसं कायकाय करतात. मग मला जाणवलं की ढेकूळ ओलं आहे. इंजिनात कोळशावर पाणी मारतात, धूळ उडू नये म्हणून, तसं. आणि एका बाजूने ते गरम होतं.

"घरात ये," मावशी म्हणाली. "चहा निवतोय. नाहीतरी कोण पिणार आहे."

आत भिंतीला लागून कोळसा रचलेला होता, छतापर्यंत. जानेवारीपासून लॉक्सथॉर्पमध्ये कुणालाच खाणीच्या इंजिनांचा कोळसा मिळत नव्हता. मी तो बघितला आणि खुर्चीवर बसलो.

"डॉक्टरने त्याची साखर बंद केली होती," मावशी म्हणाली. "मी दोन चमच्यांचा एक केला. हळूच. आठवडाभर कळलंच नाही त्याला. त्या दिवशी सकाळी कळलं. एवढा बोलला, एवढा बोलला, जशी काही मी त्याच्या ताटात माती कालवली."

"मग?"

"मग मीपण बोलले. मग दोघंही गप्प. न बोलताच गेला कामावर. दुपारी मला वाईट वाटलं. दोन चमचे घातले, भरून. आणि डबा धरून उभी राहिले. पण मान वळवून, हं. तिकडे बघितलंच नाही मी. धुकंही होतं, पण नसतं तरी बघितलं नसतं. म्हटलं, आधी तो बोलू दे."

"आणि?"

"त्याने डबा घेतलाच नाही. गाडी निघून गेली. हात तसाच राहिला माझा."

तिने माझ्या कपात आणखी चहा ओतला.

"डॉक्टर म्हणतो, फाटकाच्या आसपास कुठेतरी गेला. आधी की नंतर, सांगता येत नाही म्हणे. मला तेवढंच कळायला हवं होतं, पोरा. आधी गेला असेल तर मेला होता म्हणून घेतला नाही. नंतर गेला असेल तर रुसला होता म्हणून."

"मावशी, आधीच गेला असणार."

"मग आता का घेत नाही? रोज येतो. कोळसा टाकतो, पण पलीकडे झुडपात. इतकी वर्षं माझ्या पायाशी टाकला, आता पलीकडे. मी वाकून, खाजवून घ्यावा म्हणून. आणि डब्याला हात लावत नाही. मेलेल्या माणसाचा रुसवा फार टिकतो बघ. त्याला दुसरं काम नसतं."

मी उठलो तेव्हा तिने विचारलं, "रूळ उपटत इथवर कधी याल?"

"नोव्हेंबर उजाडेल."

"म्हणजे तोवर त्याने घ्यायला पाहिजे," मावशी म्हणाली. "रूळच नसले तर येणार कसा तो?"

परत जाताना मी रुळांच्या कडेने चाललो. रुळावरून गाडी जायची थांबली की चार दिवसांत त्याचा माथा गंजून लाल होतो. आमच्या मातीत तर दोनच दिवसांत. फाटकापासून वर, आम्ही अजून न उपटलेल्या प्रत्येक रुळाचा माथा चमच्यासारखा चकचकीत होता.

मी पर्सीला ते दाखवलं. त्याने रुळावर अंगठा घासून बघितला.

"दव," तो म्हणाला.

"दवाने गंज चढतो, पर्सी."

"या भागातलं दव वेगळं आहे."

डूगी म्हणाला, "कॉर्बीत असतं तर युनियनने आधी विचारलं असतं, ही गाडी कोणत्या पाळीची."

त्यानंतर मी काम सावकाश करायला लागलो. हे मला उपजत जमतं. पहारी हरवल्या. रूळ उपटायचा मोठा पाना तळ्यात पडला. एक दिवस मी डिझेलच्या चाकाखाली इतक्या काळजीने फावडं विसरलो, की पर्सी माझ्याकडे बघत राहिला.

"तुला नोकरी टिकवायचीय की रूळ?"

"दोन्ही."

"दोन्ही टिकत नाहीत आता कुठे," पर्सी म्हणाला, आणि स्वतःच पहार घेऊन पुढे गेला.

ऑक्टोबरात आम्ही निम्म्यावर आलो. मागे नुसती मातीची पट्टी उरत होती, रुळांखालच्या लाकडी स्लीपरच्या खुणांची. एका सकाळी त्या पट्टीवर, जिथे महिनाभर रूळ नव्हते तिथे, मधोमध राखेची एक रेघ होती. ताजी. मी त्यात बोट घातलं आणि चटका बसून काढलं, आणि दिवसभर ते तोंडात धरून काम केलं. डूगीने विचारलं नाही. त्या दिवसापासून मात्र तो मागे वळून बघेनासा झाला. जेवायलाही पुढे तोंड करून बसायचा.

आणि मेंढ्या. दुपारी तीनच्या सुमाराला त्या खोल शेतात मेंढ्या बाजूला व्हायच्या. घाबरून नव्हे. फाटकाशी थांबलेली माणसं सरकतात तशा, दोन्हीकडे सावकाश. मधे एक वाट उरायची. थोड्या वेळाने परत एक व्हायच्या आणि चरायला लागायच्या.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला आम्ही फाटकाला भिडलो. रस्त्याच्या खाणीकडचे रूळ गेले, मग जंक्शनकडचेही गेले. मधे फक्त रस्त्याच्या डांबरात बसवलेले रूळ राहिले, रस्त्याच्या रुंदीएवढे. ते काढायचे तर रस्ता बंद करावा लागतो, रस्ता बंद करायला काउंटीची, म्हणजे जिल्ह्याच्या रस्तेखात्याची, परवानगी लागते, आणि काउंटी विचार करत होती. त्यामुळे जगातली सगळ्यात लहान रेल्वे काही दिवस आमच्या गावात होती. कुठून निघत नव्हती आणि कुठे जात नव्हती. तिचे माथे चकचकीत होते.

मावशी रोज उभी राहत होती. ती बारीक झाली होती. मी एकदा दिसलो तेव्हा एवढंच म्हणाली, "अजून नाही घेतला."

त्या गुरुवारी सकाळपासून धुकं होतं. आम्ही मुकादमाच्या खोपटात शेगडीभोवती भाकरीएवढे जाड सँडविच खात बसलो होतो. मी पर्सीला विचारलं, "सिरिल गेला त्या दिवशी शेवटच्या वॅगनवर तूच होतास ना?"

"मीच. आणि असलं जेवताना विचारू नये."

"एनिडमावशी दिसली होती तुला?"

"दिसली की. शेवटची वॅगन सरकली तेव्हा डबा धरून उभी होती, मान तिकडे करून. मी हाक मारली, ती तरी कुठे ऐकतेय." त्याने घास गिळला. "वर गेलो तर गाडी थांबेना. मी ब्रेक आवळले, धावत इंजिनाशी गेलो. जागेवर बसलेला होता. हात बाहेर."

"हात बाहेर म्हणजे?"

"बाहेर म्हणजे बाहेर. असा." पर्सीने उजवा हात लांब केला, पंजा उघडा, काहीतरी घ्यायला करतो तसा. "मीच आत घेतला. घट्ट झाला होता. एनिडला नाही सांगितलं मी ते. कशाला सांगायचं. वेदना झाल्या असतील असं वाटेल तिला."

"म्हणजे हात तिच्या बाजूला होता. मग डबा का नाही घेतला?"

"तिच्या बाजूला कुठला? पलीकडे."

"सिरिल घराच्या बाजूला बसायचा."

"फिलिपाचं धुराडं खाणीकडे असायचं तेव्हा बसायचा. त्या दिवशी कारखान्यातून आली ती उलटी आली ना. धुराडं जंक्शनकडे. इंजिन फिरवायची सोय आपल्याकडे कधी नव्हती, जसं येईल तसं चालवायचं. चालवायचा दांडा इंजिनाच्या एकाच बाजूला असतो, इंजिन उलटं तर ड्रायव्हरही पलीकडे." तो हसला. "सकाळी सिरिल म्हणालापण मला, आज आमच्या बाईसाहेबांना रूळ ओलांडून यावं लागेल, जरा पाय मोकळे होतील."

"आणि मावशीला कुणी सांगितलं, इंजिन उलटं आलंय म्हणून?"

"कुणी सांगायचं? सगळ्या खाणीला माहीत होतं. तिला सिरिल सांगणार ना. नवरा तिचा."

शेगडीत कोळसा खाली बसला.

"ते बोलत नव्हते त्या दिवशी," मी म्हणालो.

पर्सीने सँडविच कागदावर ठेवलं. ते त्याने परत उचललं नाही. डूगी दाराकडे बघत होता. पर्सी म्हणाला, "जा. धाव. तीन वाजत येतील."

मी धावलो. मावशी दारात डबा पुसत होती. मी तिला सगळं सांगितलं, जसं ऐकलं तसं. हात बाहेर होता. पलीकडे होता. उघडा होता. तो फाटकाशी आला तेव्हा हात काढून थांबलेला होता, मावशी, तू या बाजूला होतीस.

ती आत गेली. भांड्यात चमचा वाजल्याचं मी ऐकलं, दोनदा. मग तिने विचारलं, "टोपी घालू का?"

"कशाला?"

"त्या दिवशी पाठ दाखवली होती. आज तोंड दाखवायचंय."

रविवारची निळी टोपी घालून ती बाहेर आली. आम्ही फाटक ओढलं. धुक्यात विन्सच्या गाडीचे दिवे येऊन थांबले. आज त्याने खिडकीतून मान काढली नाही.

मावशी डांबरातले रूळ ओलांडून पलीकडे गेली. मी अलीकडे, घराच्या बाजूला राहिलो. आमच्या दोघांच्या मधे रस्त्याएवढी रेल्वे होती आणि बाकी सगळं धुकं. ती मला दिसत होती, पण पुसट, काचेवर श्वास टाकल्यावर दिसतं तशी.

तिने डबा वर केला.

खालच्या शेतात मेंढ्यांच्या पायांचा आवाज झाला. त्या बाजूला होत होत्या.

मग गरम तेलाचा वास आला.

रस्त्यातला रूळ किंचित खाली दबला आणि वर आला. परत दबला. फाटकाच्या कड्या वाजायला लागल्या. दुसरा आवाज नव्हता. धुकं मात्र पांढरं झालं, ओलं आणि ऊबदार, आणि मावशी दिसेनाशी झाली.

तिचा आवाज आला. रोजच्या बोलण्यातला.

"दोन चमचे घातलेत."

थोड्या वेळाने ती हसली. मग म्हणाली, "अरे, थांब, सांडेल. टोपी धर माझी."

रूळ दबत राहिला. एक वॅगन, दुसरी, तिसरी. मी मोजायचं थांबवलं.

माझ्या पायाशी काहीतरी पडलं.

मग धुकं नेहमीचं झालं. पलीकडचा खांब दिसला. खाजरी झुडपं दिसली. रस्ता दिसला, पार वळणापर्यंत, आणि त्यावर कुणी नव्हतं.

माझ्या पायाशी कोळशाचं ढेकूळ होतं. अलीकडे, घराच्या बाजूला. ते चुकीचं फेकलं होतं, हात खालून झटकून, उचकी लागल्यासारखं, आणि आपटून फुटलं होतं. सिरिल लोस्बीने फेकलेलं ढेकूळ कधी फुटल्याचं कुणाला आठवत नाही. हे फेकणारं कुणीतरी नवीन होतं.

विन्सने गाडी मागे घेतली, वळवली, आणि आता तो पाव दुसऱ्या रस्त्याने नेतो.

पोलीस आले, गेले, स्केगनेसला जाऊन आले. पर्सीने त्यांना काही सांगितलं नाही. मला एकट्याला म्हणाला, "मी तो हात आत घ्यायला नको होता." हिवाळ्यात तो कामावर यायचाच बंद झाला. डूगी कॉर्बीला पोलादाच्या कारखान्यात गेला, जिथे सगळं पुढच्या दिशेने चालतं.

दुसऱ्या दिवशी मी उगाच फाटकावर गेलो. पलीकडच्या खांबावर मावशीचा इनॅमलचा डबा ठेवला होता. रिकामा, कोमट, तळाशी चहाची पत्ती. बाजूला दुसरा, तसाच, जुन्या घडणीचा. तो मी आधी कधी पाहिला नव्हता.

मी दोन्ही धुतले. काय करणार? एक बाई भरलेला डबा धरून जवळजवळ वर्षभर उभी होती आणि तो कुणी घेतला नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. रिकामा डबा धरून तिने उभं राहावं आणि तो कुणी भरू नये, हे माझ्याने बघवणार नव्हतं. घराला अजून कुलूप नव्हतं, कोळसा तर रग्गड होता. मी चहा केला, एकात दोन चमचे साखर, एकात काही नाही, आणि पलीकडे जाऊन उभा राहिलो. थोड्या वेळाने माझे हात हलके झाले.

तेव्हापासून हे चाललंय. दिसत काही नाही. फक्त वजन जातं. काउंटीची परवानगी आता आली आहे, पुढच्या महिन्यात डांबरातले रूळ निघणार आहेत, आणि माझी नोकरी त्या रुळांबरोबर संपते. एक गोष्ट मात्र मी कुणाला सांगितलेली नाही. गेल्या सोमवारी डबे घेतल्यावर तो न दिसणारा हात मागे गेला नाही. त्याने माझं मनगट धरलं. जोरात नाही. पायरी उंच आहे, चढताना आधार द्यावा, तेवढंच. त्या हाताला सुती हातमोजा लागला, बोटं कापलेला, घरी विणलेला. काल दोन हात होते.

तरी मेहेरबान काउंटी सर्व्हेअर साहेबांस नम्र विनंती की, लॉक्सथॉर्प रस्त्यावरील डांबरात बसवलेले रूळ काढण्यात येऊ नयेत, कारण लाइन बंद झाल्याचे संबंधित दोन व्यक्तींना अद्याप कुणीही कळविलेले नाही. सबब, सदर फाटकावर कायमस्वरूपी फाटकवाला नेमण्यात यावा. त्याने दररोज दुपारी दोन डबे चहा करावा व रुळांच्या पलीकडच्या बाजूस उभे राहावे; अलीकडे नव्हे. नेमावयाचा इसम वजनदार असावा. अर्जदाराचे वजन साडेनऊ स्टोन (म्हणजे जेमतेम साठ किलो) असून ते अपुरे पडत आहे.